ग्रेज इनमधली जेवणे आणि भीमेकाठचे वतन

उन्हाळ्यात उजनीचे पाणी ओसरले, की पळसदेवच्या जुन्या मंदिराचे शिखर वर येते. आधी शिखर दिसते, मग मंडप, आणि एखाद्या कोरड्या वर्षी गावाच्या पायवाटासुद्धा. छायाचित्रे घेणाऱ्यांची तिथे रीघ लागते. करमाळा तालुक्यातील कुगाव, चिखलठाण, वांगी, केत्तूर आणि पलीकडच्या काठावरची इंदापूर तालुक्यातील गावे यांच्या आठवणी त्या दिवसांत पुन्हा निघतात. ज्या कागदांनी ही गावे पाण्याखाली घातली, त्यांची छायाचित्रे मात्र कोणी घेत नाही. पाणी चढण्यापूर्वी तिथे कागद चढला होता. आधी अधिसूचना आली, मग निवाडा झाला, मोबदला मिळाला आणि शेवटी फेरफार. आजचा धागा त्या कागदांविषयी आहे. आणि वाचून नवल वाटेल, पण त्यासाठी आपल्याला प्रथम लंडनच्या एका भोजनगृहात जावे लागणार आहे.

कारण असे. भीमेच्या खोऱ्यातील गावोगावच्या जमिनींच्या दप्तरात 'महार वतन' अशी एक नोंद पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. ज्याच्या नावे ती जमीन असे तो तिचा मालक नव्हता. सरकारचे आणि गावाचे काम करीत राहण्याच्या अटीवर ती त्याच्याकडे होती. ही अट मोडण्याचा पहिला कायदेशीर प्रयत्न ज्याने केला तो मनुष्य विलायतेतून कायदा शिकून आलेला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे बॅरिस्टर होणे आपण एका ओळीत वाचतो आणि पुढे जातो. त्या ओळीत किती वर्षे आणि किती उसनवार दडली आहे, आणि तिथे शिकलेल्या विद्येचा भीमेकाठच्या माणसाला नेमका काय उपयोग झाला, हे जरा सावकाश पाहू.

प्रथम बॅरिस्टर म्हणजे काय ते पाहू. आपल्या बोलण्यात हा शब्द पदवीसारखा येतो. वस्तुतः ती विद्यापीठाची पदवी नव्हे. लंडनमध्ये वकिलांच्या चार जुन्या संस्था आहेत: लिंकन्स इन, इनर टेंपल, मिडल टेंपल आणि ग्रेज इन. त्यांपैकी एकीचे सभासद व्हायचे, तिच्या परीक्षा द्यायच्या, आणि मग ती संस्था आपल्याला 'बार'वर बोलावते. रोमन कायदा, राज्यघटनेचा कायदा, फौजदारी कायदा, मालमत्तेचा कायदा, इक्विटी असे परीक्षेचे विषय असत. पण परीक्षा हा निम्माच भाग. दुसरी अट अशी, की उमेदवाराने बारा सत्रे 'राखली' पाहिजेत. वर्षाला चार सत्रे, म्हणजे तीन वर्षे. सत्र राखणे म्हणजे काय? तर त्या सत्रात संस्थेच्या भोजनगृहात ठरावीक वेळा जेवणे. ज्याचे नाव विलायतेतील एखाद्या विद्यापीठात असे त्याला सत्रात तीन जेवणे पुरत, इतरांना सहा.

हे हास्यास्पद वाटेल, आणि अनेक हिंदी विद्यार्थ्यांना ते तसे वाटलेही. पण त्यामागे एक जुना विचार होता. वकिली हा केवळ पुस्तकी धंदा नाही. ज्येष्ठांच्या पंगतीला बसून, त्यांचे बोलणे ऐकून तो अंगी मुरतो, असे ती मंडळी मानीत. आपल्याकडील गुरुगृहीच्या वासाची ही इंग्रजी तऱ्हा म्हणा. आता याच गोष्टीकडे आपल्या बाजूने पाहा. मुंबई इलाख्यातल्या ज्या मुलाला शाळेत तहान लागली तर शिपायाने वरून ओतल्याशिवाय पाणी मिळत नसे, त्याला या धंद्यात शिरण्यासाठी अनोळखी लोकांच्या शेजारी बसून जेवण्याची सक्ती होती! पंगतीला बसू न देणारा समाज त्याने अनुभवला होता. आता पंगतीला बसला नाहीस तर बॅरिस्टर होता येणार नाही, असे सांगणारी संस्था त्याच्यासमोर होती. मला तरी या अभ्यासक्रमातील ही सर्वांत बोलकी अट वाटते.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून आंबेडकर ऑक्टोबर १९१६ मध्ये लंडनला आले आणि नोव्हेंबरात त्यांनी ग्रेज इनमध्ये नाव घातले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्राचा अभ्यासही सोबतच सुरू झाला. पण बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ च्या उन्हाळ्यात सारे अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान आणि पुस्तके ज्या बोटीवर होती ती टॉर्पेडोने बुडाली. टॉमस कुक कंपनीने त्या सामानाची भरपाई म्हणून ६०० रुपये दिले. शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोद्यात दहा वर्षे नोकरी करणे बंधनकारक होते आणि तिथवर पोचण्याचे भाडे खिशात नव्हते; ते या बुडालेल्या पुस्तकांनी दिले.

बडोद्यात पुढे काय घडले ते बहुतेकांना ठाऊक असते. अमेरिकेची पदवी घेतलेल्या या अधिकाऱ्याला शहरात राहायला खोली मिळेना. पारशी विश्रामगृहात नाव बदलून त्यांनी आसरा घेतला. अकरा दिवसांनी काठ्या घेतलेला जमाव दाराशी आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. नोकरी सुटली. मग मुंबईत गुंतवणुकीविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय करून पाहिला. सल्लागाराची जात कळताच गिऱ्हाईक आटले. नोव्हेंबर १९१८ पासून सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापकपद मिळाले, महिना ४५० रुपये. विद्यार्थी त्यांच्या व्याख्यानांना गर्दी करीत. तरी शिक्षकांच्या खोलीतील पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये, अशी कुरकुर सहकाऱ्यांपैकी काहींनी केलीच.

या तीन अनुभवांना एकत्र ठेवून पाहिले, म्हणजे अर्थशास्त्रात एवढी गती असलेल्या माणसाने कायद्याचा अपुरा अभ्यास पुरा करण्याचा हट्ट का धरला असावा ते ध्यानात येते. नोकरी देणारा वरिष्ठ असतो, व्यापारात गिऱ्हाईक असते, कॉलेजात सहकारी असतात. यांपैकी कोणीही दार लावून घेऊ शकतो. वकिलाची सनद हायकोर्ट देते आणि ती एकदा मिळाली, की न्यायाधीशाला त्याचे म्हणणे ऐकून घ्यावेच लागते. उपजीविका आणि बोलण्याचा हक्क या दोन्ही गोष्टी एकाच कागदाने मिळण्याचा हा त्या काळातला बहुधा एकमेव मार्ग होता. शिवाय त्या कागदामुळे राजकारणासाठी वेळही आपल्या हाती राहतो. टिळकांच्या पिढीपासून सार्वजनिक जीवनात वकील एवढे का दिसतात, त्याचेही एक कारण हेच.

आता पैशाचा प्रश्न. सिडनहॅमच्या दीड वर्षात त्यांनी पगारातून शिल्लक टाकली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १५०० रुपये दिले. नवल भथेना या पारशी मित्राने ५००० रुपये कर्जाऊ दिले. जुलै १९२० मध्ये ते पुन्हा बोटीवर चढले. परळच्या चाळीत रमाबाई आणि कुटुंबीय होते. त्यांच्यामागे काय शिल्लक राहिले असेल, हे वरच्या आकड्यांवरूनच समजावे.

लंडनमधील त्या दिवसांची वर्णने चरित्रकारांनी तपशिलाने दिली आहेत. सकाळी घरमालकिणीकडचा पाव, मुरंब्याचा थर आणि चहा. दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात बैठक. दार उघडताना आत जाणाऱ्यांत पहिले आणि बंद होताना बाहेर पडणाऱ्यांत शेवटचे. रात्री दहाच्या सुमारास पोटात कालवाकालव होई, तेव्हा बोव्हरिल नावाचा मांसरसाचा पेला आणि एका परिचिताने दिलेले पापड, तेही मोजून चार. ग्रेज इनमधले ते सक्तीचे जेवण या दिनक्रमात कसे वाटत असेल याची कल्पना ज्याने त्याने करावी. ती जेवणे फुकट नव्हती, एवढे ध्यानात ठेवा. प्रवेश, सत्रे, परीक्षा, शेवटचे बोलावणे, प्रत्येक पायरीला शुल्क होते. १९१६–१७ चा मुक्काम आणि १९२० पासूनचा मुक्काम, दोन्हींतील सत्रे मोजली तर बाराचा हिशेब जेमतेम जुळतो. एक सत्र चुकणे म्हणजे तीन महिने अधिक राहणे, आणि तीन महिने अधिक राहणे म्हणजे आणखी कर्ज.

२८ जून १९२२ रोजी ग्रेज इनने त्यांना बारवर बोलावले. त्याआधी दोन महिनेही झाले नव्हते, ६ मे रोजी मुंबईत शाहू महाराजांचे निधन झाले होते. ज्यांनी वाट पाहावी त्यांच्यापैकी एक जण बातमी ऐकायला उरला नाही.

इथे थोडे थांबून एक गोष्ट सांगावीशी वाटते. हे बोलावणे परीक्षेचा निकाल नव्हे. संस्थेची मर्जीही त्यात असे. याच ग्रेज इनमध्ये विनायक दामोदर सावरकर १९०६ साली दाखल झाले होते. परीक्षा झाल्या, पण राजकीय हालचालींमुळे १९०९ साली संस्थेने त्यांना बारवर बोलावण्याचे नाकारले. त्याच वर्षी इनर टेंपलने पंडित श्यामजी कृष्णवर्मा यांचे नाव पटावरून काढले. आणि ज्या १९२२ मध्ये आंबेडकर बॅरिस्टर झाले त्याच वर्षी, राजद्रोहाच्या शिक्षेनंतर, इनर टेंपलने मोहनदास गांधी हे नाव कमी केले. स्त्रियांना तर हे दार १९१९ च्या कायद्यापर्यंत बंदच होते. नाशिकमध्ये जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८९२ साली ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा उतरल्या. प्रत्यक्ष पदवी हाती यायला त्यांना तीस वर्षे थांबावे लागले. विलायतेतील कायद्याच्या शिक्षणात जात विचारली जात नव्हती हे खरे. काहीच विचारले जात नव्हते असे मात्र नाही.

एप्रिल १९२३ मध्ये ते परतले आणि जुलैत मुंबई हायकोर्टाची सनद घेतली. सनदेच्या शुल्कासाठी पुन्हा भथेनांकडेच हात पसरावा लागला.

आता बॅरिस्टर मुंबईत आला, म्हणजे गाडी-घोडा आला, अशी आपली चित्रपटी समजूत असते. हायकोर्टाच्या 'ओरिजिनल साइड'वर, म्हणजे मुंबई शहरातील मोठ्या दिवाणी दाव्यांत, पैसा होता खरा. पण तिथे पक्षकार थेट बॅरिस्टरकडे जात नसे. त्याचे काम सॉलिसिटरच्या पेढीकडे जाई आणि ती पेढी आपल्या पसंतीच्या बॅरिस्टरला नेमून त्याच्याकडे कागद पाठवी. म्हणजे गिऱ्हाईक गाठून देणारा मधला माणूस इथेही होताच! अस्पृश्य बॅरिस्टरला कागद पाठवणाऱ्या पेढ्या निघाल्या नाहीत. त्यामुळे आंबेडकरांची वकिली झाली ती बहुतांशी अपिले, जिल्ह्यांची न्यायालये आणि फौजदारी खटले यांत. सनद दार उघडते, आत बसायला खुर्ची देत नाही, हे त्यांना पहिल्या वर्षातच कळले. १९२६ साली पुण्यात 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरून जेधे, जवळकर आणि बागडे यांच्यावर चाललेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात अपिलात त्यांनी या ब्राह्मणेतर पुढाऱ्यांची सुटका करून घेतली, तेव्हा वकील म्हणून त्यांचे नाव इलाखाभर झाले. तोवर पोटासाठी बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवणे चालू होते.

एक गोष्ट आजच्या विद्यार्थ्यांसाठी ओघात सांगून टाकतो. तेव्हा लंडनचा बॅरिस्टर हायकोर्टात सरळ उभा राहू शके. १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टनंतर बॅरिस्टर, वकील, प्लीडर हे भेद मिटले आणि 'अ‍ॅडव्होकेट' हा एकच वर्ग उरला. आज परदेशातील कायद्याची पदवी घेऊन येणाऱ्याला आधी ती बार कौन्सिल ऑफ इंडियाकडून मान्य करून घ्यावी लागते आणि पात्रता परीक्षा द्यावी लागते. म्हणूनच हल्ली बहुतेक मुले इथे एल्‌एल.बी. करून मग वर्षभराच्या एल्‌एल.एम.साठी बाहेर जातात. अनुसूचित जातींतील विद्यार्थ्यांना परदेशी शिकण्यासाठी राज्य सरकार जी शिष्यवृत्ती देते तिला राजर्षी शाहू महाराजांचे नाव आहे. त्या १५०० रुपयांची गोष्ट ज्याला ठाऊक आहे त्याला या नावाचे औचित्य वेगळे सांगायला नको.

या नव्या बॅरिस्टराचे पहिले संस्थात्मक काम पाहायचे तर मात्र मुंबई सोडून आपल्या सोलापूरला यावे लागते. जुलै १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. सर चिमणलाल सेटलवाड अध्यक्ष होते आणि व्यवस्थापन मंडळाची सूत्रे आंबेडकरांकडे. ४ जानेवारी १९२५ रोजी सभेने माध्यमिक शाळेत शिकणाऱ्या मुलांसाठी वसतिगृह काढले ते सोलापुरात. मुलांच्या राहण्याजेवणाचा आणि कपडालत्त्याचा भार सभा उचली. सोलापूर नगरपालिकेने महिना ४० रुपये अनुदान दिले. जिवाप्पा ऐदाळे यांनी तिथली व्यवस्था सांभाळली. पुढे १९३७ साली तेच स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेवर निवडून गेले. खेड्यातला मुलगा हायस्कुलापर्यंत पोचायचा तर त्याला शहरात एक छप्पर हवे, हे समीकरण बडोद्यात खोली न मिळालेल्या माणसाला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

आता पाण्याकडे वळू. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ रोजी झाला, हे आपण सारे शिकलो. त्यानंतर दहा वर्षे चाललेला दावा मात्र पाठ्यपुस्तकात दोन ओळींत आटोपतो आणि माझ्या मते ग्रेज इनची खरी फेड तिथे आहे. डिसेंबर १९२७ मध्ये दुसऱ्या परिषदेच्या तोंडावर महाडच्या काही सवर्ण गृहस्थांनी दिवाणी दावा लावला. त्यांचे म्हणणे, तळे खासगी आहे आणि अस्पृश्यांनी तिथे न शिवण्याची वहिवाट अनादी आहे. न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. हजारो लोक महाडला जमले होते आणि तळ्यावर जायला अधीर होते. आंबेडकरांनी सत्याग्रह तहकूब केला.

अनेक तरुण वाचकांना हा निर्णय खटकतो. सरकारचा बंदी हुकूम असता तर तो मोडण्यात आंदोलनाची एक रीत होती. पण दिवाणी न्यायालयात आपणच प्रतिवादी असताना आणि तिथे जिंकण्याची आशा असताना मनाई मोडणे म्हणजे जे हत्यार महत्प्रयासाने मिळवले तेच बोथट करून घेणे. कायदा शिकलेल्याला कायद्याचा जाच अधिक होतो तो असा. त्या परिषदेत तळ्याचे पाणी न घेता मनुस्मृतीचे दहन झाले आणि पाण्याचा प्रश्न न्यायालयाच्या वेळापत्रकावर गेला.

न्यायालयात कशावर लढाई झाली ते पाहण्यासारखे आहे. इंग्लंडच्या कायद्यात रूढीला कायद्याचे बळ मिळायचे तर ती 'अनादि' असावी लागते, आणि या अनादि शब्दालाही त्यांनी साल ठरवून दिले आहे: ११८९, रिचर्ड राजाच्या राज्यारोहणाचे वर्ष. हिंदुस्थानातील न्यायालये त्याच सालाला चिकटून बसत नसत, परंतु रूढी प्राचीन, निश्चित आणि अखंड आहे हे सिद्ध करण्याचा भार तिच्यावर हक्क सांगणाऱ्यावर टाकीत. एरवी आपल्याकडे उलटे चालते. 'पूर्वीपासून असेच आहे' असे एकाने म्हटले, की तसे नव्हते हे दुसऱ्याने शाबीत करायचे! न्यायालयात हा भार जागेवर आला. तळे नगरपालिकेचे ठरले. अनादि वहिवाटीचा पुरावा वादींना देता आला नाही. महाडच्या न्यायालयाने १९३१ साली दावा फेटाळला, अपिले झाली आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांनी शेवटचे अपीलही काढून टाकले. सत्याग्रहाला तीन दिवस कमी दहा वर्षे झाली होती.

महाड कोकणात आहे. भीमेकाठी प्रश्न पाण्याचा होता तसा जमिनीचाही होता, आणि इथे दावा लावून भागणार नव्हते. कारण इथे अन्याय रूढीत नव्हता, तो खुद्द सरकारी कायद्यात होता: १८७४ चा मुंबई वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदा, म्हणजे आपल्या बोलीत वतन कायदा.

या कायद्याखाली वतनदार महाराने काय करायचे? पाटील-कुलकर्ण्यांचा निरोप पोचवायचा, लोकांना चावडीवर बोलावून आणायचे, वसूल तालुक्याला न्यायचा, आलेल्या अंमलदाराचे सामान वाहायचे, गावाच्या सीमा दाखवायच्या, मेलेले जनावर ओढायचे. कामाला वेळ नाही, मोजमाप नाही. चोवीस तासांत केव्हाही हाक आली की निघायचे. घरचा एक गडी आजारी, तर दुसऱ्याने जायचे. मोबदला काय, तर हाडकी-हाडोळ्याची थोडीशी वतनी जमीन आणि खळ्यावरचे बलुते. बलुते देणे गावकऱ्यांच्या हाती. ते मिळाले नाही तर मागायचे कोणाकडे, याचे धड उत्तर नव्हते. वतनी जमीन वतनदार घराण्याबाहेर विकता येत नसे. पिढीगणिक वाटण्या होऊन ती चिंधीएवढी उरे, पण तिच्यामागचे काम मात्र अखंड राही. ज्याला ही जमीन सोडवत नाही आणि जगवतही नाही, तो शहरात शिकायला कसा जाणार?

१९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात आंबेडकरांनी या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. मागणी अगदी थोडक्यात अशी: ज्यांना नको असेल त्यांना वतनाच्या कामातून मुक्त होऊ द्या, त्यांची जमीन पूर्ण सारा घेऊन त्यांच्याकडेच ठेवा, बलुत्याऐवजी ठरलेला पैशाचा मोबदला वसूल करून द्या, आणि कोणाची कोणती कामे ते नियमांनी ठरवा. भाषा कोरडी, कलमांची. पण त्यामागची कल्पना मोठी होती: मनुष्य आणि त्याचे काम यांमधले नाते जन्माने नव्हे, कराराने ठरावे. इंग्रजी कायद्याच्या इतिहासाचा विद्यार्थी हे वाक्य ओळखेल. भीमेकाठच्या तराळाला त्याचा अर्थ अधिक लवकर कळला असता.

विधेयक पुढे सरकले नाही. सरकारला फुकटचे मनुष्यबळ सोडवेना. मोबदला द्यायचा तर खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न महसूल खात्याने पुढे केला. निवड समितीत त्याचे रूप इतके बदलले, की जुलै १९२९ मध्ये त्यांनी ते मागे घेतले. १९३७ नंतर स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने हा विषय पुन्हा आला. तेव्हाही तडीस गेला नाही. शेवटी १९५८ च्या कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करण्याच्या कायद्याने ही वतने संपली. तो १ ऑगस्ट १९५९ पासून अमलात आला. पहिल्या विधेयकानंतर एकतीस वर्षे गेली होती आणि ते मांडणाऱ्याला जाऊन अडीच वर्षे.

वतन गेले, तरी जमीन आपोआप मालकीची झाली नाही. ती आधी सरकारजमा धरली गेली, आणि ठरावीक रक्कम भरल्यावर पूर्वीच्या वतनदाराला 'नवीन व अविभाज्य शर्ती'वर परत मिळाली. म्हणजे कसायला तुमची, पण विकायची किंवा वाटणी करायची तर आधी कलेक्टरची परवानगी. ही ओळ आजही असंख्य सातबाऱ्यांवर आढळते.

आता काळाचा हिशेब मांडा. १९५९ मध्ये वतने संपली. रक्कम भरणे, अर्ज करणे, नोंदी लागणे यात पुढची वर्षे गेली. १९६० चे दशक संपता संपता टेंभुर्णीजवळ भीमेवर उजनीचे काम सुरू झाले आणि १९८० मध्ये धरण पूर्ण झाले. ज्या घराने तीन-चार पिढ्यांच्या वेठीनंतर जमीन आपल्या नावावर पाहिली, ते घर बुडीत पट्ट्यात असेल तर त्याला ती नोंद जेमतेम दशक-दोन दशके पाहायला मिळाली.

आणि ती गेली तीही कायद्यानेच. १८९४ च्या भूसंपादन कायद्याचे कलम ४ म्हणजे पहिली अधिसूचना, कलम ११ म्हणजे निवाडा. धरणग्रस्तांच्या घरांत शाळेची पुस्तके नसतील, पण कलम १८ हा शब्द लहान मुलांच्याही कानांवर पडलेला असे. कारण निवाड्यातली रक्कम मान्य नसेल तर वाढीव मोबदल्यासाठी प्रकरण न्यायालयाकडे पाठवा, असा अर्ज त्या कलमाखाली ठरलेल्या मुदतीत करावा लागे. ज्याला मुदत कळली त्याने अर्ज केला. ज्याने रक्कम घेताना 'हरकत राखून' असे लिहिले नाही, त्याचा हक्क तिथेच गेला. पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा महाराष्ट्राने केला तो १९७६ मध्ये, म्हणजे धरणाची भिंत बरीच वर आल्यावर.

मोबदला ठरवताना जमीन बागायत की जिरायत हे पाहिले जाई. आणि तिचा धारणाप्रकारही पाहिला जाई. जुन्या शर्तीची जमीन म्हणजे पूर्ण मालकी. नव्या शर्तीची असेल तर मालकाच्या आणि रकमेच्या मध्ये सरकारचा वाटा, नजराणा, परवानगी असे प्रश्न उभे राहत. शेजारशेजारची दोन शेते, एकच काळी माती, भीमेचे एकच पाणी. पण एकाच्या सातबाऱ्यावर जुनी शर्त आणि दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर नवी.